यंत्र शाबूत, सॉफ्टवेअर बंद

अल्बमच्या धंद्यात पैशावरून वाद होतात, तारखेवरून होतात, पण जिव्हारी लागतो तो रंगावरून झालेला वाद. चिंतामणी रंगाचा शालू अल्बममध्ये निळा उतरला, की नवरीची आई पानावर बोट ठेवते आणि म्हणते, "ताई, हा शालू आमचा नाहीच जी." तिचं बरोबर असतं. तिने तो दुकानात पुन्हा पुन्हा उलगडून, दारापर्यंत नेऊन उजेडात पाहिलेला असतो. लॅबला फोन लावला तर तिकडून उत्तर येतं, "मॅडम, फाइलच तशी आली." तेही खोटं असेलच असं नाही. मग पान पुन्हा छापायचे पैसे कोणी सोसायचे? हे रंग पाहून ठरत नाही. कोणाची गरज जास्त आहे, त्यावर ठरतं.

मी मोर्शीत लग्नाचे अल्बम, पत्रिका आणि संत्र्याच्या पेट्यांची लेबलं डिझाइन करते. छपाई अमरावतीला होते, कधी नागपूरला. म्हणजे एकच फोटो तीन पडद्यांवर पाहिला जातो: माझा मॉनिटर, लॅबमधल्या ऑपरेटरचा मॉनिटर आणि ग्राहकाचा मोबाइल. तिघांना तो तीन रंगांत दिसतो आणि प्रत्येकाला आपलाच खरा वाटतो. पडदा मोजून ठीक करून घेणं, म्हणजे कॅलिब्रेशन, हाच यावरचा पक्का उपाय. त्याची यंत्रं बाजारात मिळतात, ती चालवणारी फुकट सॉफ्टवेअरंही आहेत. तरी चांदूर बाजारपासून वरुडपर्यंत माझ्या ओळखीच्या स्टुडिओंमध्ये ही यंत्रं ड्रॉवरमध्ये पडलेली दिसतात. विचारलं की म्हणतात, "बंद पडलं ते." उघडून, जोडून पाहावं तर आतली काच, गाळण्या, सेन्सर सगळं जागच्या जागी असतं. सोबत आलेलं सॉफ्टवेअर नव्या विंडोजवर चालत नाही आणि कंपनीने त्याकडे पाठ फिरवली आहे, एवढाच काय तो बिघाड. पंधरा-वीस हजारांची कामाची वस्तू एवढ्या कारणाने निकामी व्हावी याला मी अन्याय म्हणते. त्यावर सरकारने नियम करावा, ही माझी मागणी आहे.

आधी हे यंत्र करतं काय ते सांगते. मुठीत मावेल एवढं ते असतं. त्याच्या केबलला एक सरकतं वजन असतं. यंत्र पडद्याच्या मधोमध टेकवायचं आणि वजन मॉनिटरच्या मागे सोडायचं, म्हणजे ते खाली घसरत नाही. पडदा थोडा मागे कलता ठेवायचा, म्हणजे यंत्र काचेला सपाट बसतं आणि फटीतून खोलीतला उजेड आत शिरत नाही. मग सॉफ्टवेअर पडद्यावर एकेक रंगाचा चौकोन दाखवत जातं. आधी पांढरा, मग राखाडीच्या पायऱ्या, मग लाल, हिरवा, निळा आणि त्यांची मिश्रणं. प्रत्येक चौकोनातून येणारा प्रकाश गाळण्यांमधून सेन्सरवर पडतो आणि मागितला कोणता रंग, मिळाला कोणता, याची नोंद होते. त्या नोंदीवरून त्या पडद्याचं 'प्रोफाइल' तयार होतं. फोटोशॉप ते वाचतं आणि पडद्याची खोड लक्षात घेऊन रंग दाखवतं. वेगवेगळ्या कंपन्यांच्या वस्तूंना एकमेकींची ही प्रोफाइलं वाचता यावीत म्हणून १९९३ साली इंटरनॅशनल कलर कन्सॉर्शियम, म्हणजे आयसीसी, स्थापन झालं. म्हणूनच त्यांना आयसीसी प्रोफाइल म्हणतात.

पांढरा ६५०० केल्विनचा, गॅमा २.२, उजळपणा चौरस मीटरला १०० ते १२० कँडेला, हे आमच्या कामाचे नेहमीचे आकडे. यातला शेवटचा आकडा मी प्रत्येक स्टुडिओवाल्याला आवर्जून सांगते. दुकानातून आणलेला नवा मॉनिटर बहुधा याच्या दुपटीहून उजळ लावलेला असतो. त्यावर फोटो जास्त उजळ दिसतो म्हणून आपण तो गडद करत जातो आणि प्रिंट काळी येते. "लॅबवाले काळं छापतात" ही आमच्या भागातली सर्रास तक्रार आहे आणि तिच्यातला मोठा भाग मॉनिटरचा उजळपणा निम्म्यावर आणल्यावर संपतो. त्याला यंत्रही लागत नाही.

यंत्राचं कौतुक करताना त्याची मर्यादाही सांगायला हवी. या सगळ्या मोजणीच्या मुळाशी १९३१ साली ठरवलेला 'प्रमाण निरीक्षक' आहे. त्याआधी डब्ल्यू. डी. राइट यांनी १० आणि जॉन गिल्ड यांनी ७ माणसांच्या डोळ्यांवर इंग्लंडमध्ये प्रयोग केले होते. त्या १७ जणांनी रंग जसे जुळवले, त्यावरून बनवलेला हिशोब आजही आपल्या यंत्रांत चालतो. माझा डोळा त्या सतरांच्या सरासरीसारखाच असेल असं नाही. वय वाढलं की डोळ्यातलं भिंग पिवळसर होतं, तेव्हा माझ्या वडिलांच्या आणि माझ्या डोळ्यांनाही निळा एकसारखा दिसत नसणार. तरीही तो आकडा मला हवा असतो. तो माझा नसतो, लॅबचाही नसतो, आणि म्हणूनच दोघांना मान्य करता येतो.

आता दोष शोधण्याबद्दल. इथे थोडं सविस्तर लिहिते, कारण ड्रॉवरमध्ये गेलेली बहुतेक यंत्रं याच टप्प्यावर गेली आहेत.

'यंत्र सापडत नाही' असा संदेश आला की माणूस आधी केबलवर संशय घेतो, मग यंत्रावर. खरं कारण बहुधा वेगळंच असतं. कंपनीचं सॉफ्टवेअर कॉम्प्युटर सुरू होतानाच मागच्या मागे चालू होतं आणि यंत्र धरून बसतं, त्यामुळे दुसऱ्या सॉफ्टवेअरला ते दिसतच नाही. पडद्याच्या कोपऱ्यात घड्याळाशेजारी त्याचं चिन्ह असतं. तिथून ते बंद केलं की यंत्र हजर. कधी भांडण ड्रायव्हरचं असतं. कंपनीच्या सॉफ्टवेअरला एक ड्रायव्हर लागतो, फुकटच्या सॉफ्टवेअरला काही यंत्रांसाठी दुसरा लागतो. दोन्ही एका वेळी चालत नाहीत. विंडोजने रात्रीतून अपडेट घेतलं आणि जुना ड्रायव्हर परत आणून बसवला, की काल चालणारं यंत्र आज मेल्यासारखं वाटतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन तो पुन्हा बदलावा लागतो. आणि यूएसबी हब नकोच. यंत्र थेट कॅबिनेटच्या मागच्या पोर्टला लावावं.

यंत्र सापडलं, पण रंग चुकला, हा पुढचा प्रकार. संध्याकाळी कॅलिब्रेशन करायला बसावं आणि नेमकं तेव्हा विंडोजचं नाइट लाइट चालू व्हावं, हे मी अनेकांकडे पाहिलं आहे. पडदा पिवळा झालेला असतो, यंत्र प्रामाणिकपणे तो पिवळेपणा भरून काढतं आणि सकाळी नाइट लाइट गेलं की सगळं निळं. लॅपटॉपचा आपोआप कमी-जास्त होणारा उजळपणा आणि मॉनिटरमधला 'डायनॅमिक कॉन्ट्रास्ट' यांनीही असाच घात होतो. काळा चौकोन आला की मागचा दिवा मंदावतो, पांढरा आला की चढतो. मग राखाडीच्या पायऱ्यांचं मोजमाप कशाशीच जुळत नाही. तिसरी गोष्ट मॉनिटर तापण्याची. चालू केल्यावर अर्धा तास तरी त्याला द्यायला हवा. आमच्याकडे लाईन जाते आणि येते. लाईन आल्या आल्या घाईने केलेलं कॅलिब्रेशन मी धरतच नाही.

एक प्रकार मात्र असा आहे की चांगले जाणकारही त्यात फसतात. ओळखीच्या एका स्टुडिओत नवा, रुंद रंगपट्ट्याचा, म्हणजे नेहमीपेक्षा जास्त रंग दाखवणारा, मॉनिटर आला. कॅलिब्रेशन झालं, शेवटी तपासणीचा अहवाल आला आणि सगळे डेल्टा-ई एकच्या आत होते. डेल्टा-ई म्हणजे हवा असलेला रंग आणि दिसलेला रंग यांतलं अंतर. ते एकच्या आसपास असेल तर डोळ्याला फरक जेमतेम कळतो. म्हणजे अहवाल पहिल्या नंबराचा. आणि पडद्यावरचा पांढरा तर सरळ गुलाबी दिसत होता, दारातून येणाऱ्या ग्राहकालाही कळावा इतका. मालक म्हणाला, "यंत्र खोटं बोलून राह्यलं."

यंत्र खोटं बोलत नव्हतं. कॅलिब्रेटरच्या गाळण्या माणसाच्या डोळ्याशी तंतोतंत जुळत नाहीत. म्हणून पडद्यामागचा दिवा कोणत्या जातीचा आहे हे सॉफ्टवेअरला सांगावं लागतं: जुन्या मॉनिटरची ट्यूब, साधी पांढरी एलईडी, की रुंद रंगपट्ट्याची एलईडी. त्याप्रमाणे ते दुरुस्तीची फाइल लावतं. इथे जुन्या मॉनिटरची फाइल नव्यालाही तशीच लागलेली होती. मग अहवाल चांगला कसा आला? कारण तपासणी त्याच यंत्राने, त्याच चुकीच्या फाइलने केली होती. पोराने स्वतःचा पेपर स्वतःच तपासावा तसं ते झालं. अहवाल एवढंच सांगतो की पडदा माझ्या मापाशी जुळतो. माप बरोबर आहे का, हे तो सांगू शकत नाही. दिव्याची योग्य जात निवडली आणि गुलाबीपणा गेला.

झालेलं कॅलिब्रेशन टिकतं का, हाही प्रश्न असतो. कॉम्प्युटर झोपेतून उठला किंवा ग्राफिक्स कार्डचं अपडेट झालं, की कार्डात भरलेली दुरुस्ती पुसली जाऊ शकते. दोन सॉफ्टवेअरं एकाच वेळी आपापली दुरुस्ती भरत असतील तर पडदा क्षणभर एका रंगाचा होतो, मग दुसऱ्या. तेव्हा एकच ठेवावं, दुसरं काढून टाकावं.

हे सगळं तपासून झाल्यावर, सर्वांत शेवटी, यंत्रावर संशय घ्यावा. जुन्या धाटणीच्या काही यंत्रांच्या गाळण्या उष्णतेने आणि दमटपणाने उतरतात हे खरं आहे. वऱ्हाडातला मे महिना आणि त्यामागून येणारा पावसाळा त्यांना मानवत नाही. अशा यंत्राचा पांढरा वर्षागणिक एका बाजूला सरकत जातो. पण तो सरकला हे कळायला शेजारी दुसरं, भरवशाचं यंत्र हवं. त्यावर पुढे येते.

रंगाचं हे प्रकरण फक्त लग्नाच्या अल्बमपुरतं असतं तर मी वर्तमानपत्राची जागा अडवली नसती. मोर्शी-वरुडचा संत्रा आता आधी मोबाइलवर विकला जातो. व्यापारी बागेत येण्याआधी फोटो मागतो. आंबिया बहाराचं फळ ऑक्टोबर-नोव्हेंबरला तोडणीला येतं, तेव्हा रात्री पुरेशा थंड झालेल्या नसतात. त्यामुळे आत गोडी भरली तरी सालीवर हिरवटपणा राहतो. मृगाचं फळ थंडी खाऊन येतं, ते छान रंगतं. आता हिरवट आंबियाचा फोटो भडक डिस्प्ले असलेल्या मोबाइलवर पाहिला तर तो केशरी दिसतो. पुष्कळ मोबाइल कारखान्यातूनच 'व्हिव्हिड' लावून येतात. त्यात निळ्या ताडपत्रीखाली काढलेला फोटो असेल तर कॅमेरा निळेपणा मारायला जातो आणि फळ आणखी पिवळं होतं. गाडी बाजारात पोचली की तिकडून फोन येतो, "फोटोत माल वेगळा होता." शेतकऱ्याने फसवलेलं नसतं. दोन पडद्यांनी दोघांना दोन माल दाखवलेले असतात, आणि भाव मात्र शेतकऱ्याचा तुटतो.

बागायतदारांना मी दोन गोष्टी सांगते. मोबाइलच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये 'नॅचरल' निवडा. आणि फोटोत फळाशेजारी एक पांढरा आणि एक राखाडी कागद ठेवा, म्हणजे समोरच्याला निदान ताडपत्रीचा रंग कळेल. छायाचित्रणात यासाठी १९७६ पासून चोवीस चौकोनांची रंगपट्टी वापरतात. ती महाग पडते, कागदावरही बरंच भागतं. पेटीच्या लेबलाचं दुखणं वेगळं आहे. पडद्यावर दिसणारा झगझगीत नारिंगी चार रंगांच्या छपाईत येतच नाही, त्या शाईत तो नसतोच. मॉनिटर मोजलेला असेल आणि छापखान्याचं प्रोफाइल हातात असेल तर छपाईत तो किती मळकट होईल हे मी आधीच ग्राहकाला दाखवू शकते. नसेल तर पाच हजार लेबलं छापून झाल्यावर दाखवते.

म्हणजे ही यंत्रं चालू राहिली पाहिजेत. ती आज कोणामुळे चालू आहेत? माझ्याकडचं जुनं यंत्र बनवणाऱ्या कंपनीने त्याचं सॉफ्टवेअर केव्हाच सोडून दिलं. विचारणा केली तर नवं घ्या म्हणून सांगितलं. ते आजही चालतं, ते ग्रॅम गिल या ऑस्ट्रेलियातल्या माणसामुळे. त्याचं 'अर्गिल सीएमएस' अनेक कंपन्यांच्या नव्या-जुन्या यंत्रांशी बोलतं आणि त्याचा सगळा कोड कोणालाही पाहता येतो. त्यावर फ्लोरियान हॉख याने 'डिस्प्लेकॅल' बांधलं आणि आमच्यासारख्यांना बटणं दाबून ते वापरता येऊ लागलं. पण डिस्प्लेकॅल पायथॉन या संगणकभाषेच्या दुसऱ्या आवृत्तीत लिहिलेलं होतं आणि तिची देखभाल १ जानेवारी २०२० पासून थांबली. मूळ लेखकाकडून नवी आवृत्ती येईना. जगभरचे लोक अडले. मग एर्कान ओझ्ग्युर यिल्माझ याने ते पायथॉनच्या तिसऱ्या आवृत्तीत आणण्याचं काम हाती घेतलं, इतर लोक हातभार लावत गेले आणि ते पुन्हा चालू झालं. कोड उघडा होता म्हणून हे जमलं. तो एखाद्या कंपनीच्या तिजोरीत असता तर माझं यंत्रही आज ड्रॉवरमध्ये असतं.

या लोकांचे उपकार मी मानते. पण मोर्शीतल्या धंद्याने अनोळखी माणसांच्या चांगुलपणावर किती वर्षं चालावं? जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 'दुरुस्तीचा हक्क' यासाठी समिती नेमली. शेतीची अवजारं, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती उपकरणं आणि वाहनं अशी चार क्षेत्रं ठरली आणि डिसेंबर २०२२ मध्ये पोर्टल सुरू झालं. सुटे भाग मिळावेत, माहितीपुस्तिका मिळाव्यात, हा त्यातला भर चांगलाच आहे. पण माझ्या यंत्राला सुटा भाग नको आहे. त्याला हवा आहे ड्रायव्हर, आणि कॉम्प्युटरशी ते कोणत्या भाषेत बोलतं याचा कागद. मोजमापाचं उपकरण विकणाऱ्या कंपनीने त्याचं सॉफ्टवेअर थांबवलं तर त्या दिवशी हा कागद आणि दुरुस्तीच्या फाइली सर्वांना खुल्या कराव्यात, असं कलम या हक्कात आलं पाहिजे. कंपनीचं यात काही जात नाही. जी वस्तू ती आता विकत नाही, तिचं गुपित ठेवून तिला मिळतं काय? एकच मिळतं, माझा नव्या यंत्राचा खर्च. आणि तेवढ्यासाठीच ते गुपित ठेवलं जातं असं मला वाटतं.

दुसरी मागणी जिल्ह्यापुरती आहे. किराणा दुकानाचा इलेक्ट्रॉनिक काटा दर वर्षी वैधमापन खात्याकडून तपासून शिक्का मारून घ्यावा लागतो. त्यामागे २००९ चा कायदा आहे. रंगाच्या यंत्रांना शिक्का लावा असं मी म्हणत नाही. लहान धंद्यामागे आणखी एक इन्स्पेक्टर नको. मला तपासून घ्यायची जागा हवी आहे. प्रकाशाच्या मोजमापाचं राष्ट्रीय प्रमाण दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत आहे आणि तिथपर्यंत मोर्शीचा स्टुडिओवाला जाणार नाही. पण अमरावतीच्या शासकीय तंत्रनिकेतनात किंवा संत गाडगे बाबा विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात एक चांगलं स्पेक्ट्रोफोटोमीटर ठेवता येईल. ते गाळण्यांवर अवलंबून नसतं, प्रकाश फोडून तरंगलांबीप्रमाणे मोजतं, म्हणून साध्या यंत्राची चूक त्याच्याशी ताडून कळते. त्याची किंमत लाखाच्या पुढे जाते, एकट्या स्टुडिओला ती झेपत नाही. संस्थेला झेपते. महिन्यातला एक दिवस ठरवावा, शंभर-दोनशे रुपये फी घ्यावी. आम्ही आमचा लॅपटॉप आणि यंत्र घेऊन येऊ, त्या पडद्यासाठी दुरुस्तीची फाइल बनवून घेऊ आणि परत जाऊ. विद्यार्थ्यांना हात साफ करायला खरं काम मिळेल. फ्लेक्सवाले येतील, अल्बमवाले येतील. मॉनिटरवर एक्स-रे वाचणारे दवाखानेही येऊ शकतील. एक्स-रेच्या पडद्यावर राखाडीच्या पायऱ्या कशा असाव्यात याचं डायकॉम नावाचं जागतिक प्रमाण आहे आणि तिथली चूक शालूच्या रंगाएवढी लहान नसते.

तोवर ज्यांचं यंत्र पडून आहे त्यांनी ते भंगारात देऊ नये. त्याच्या पाठीवरचं मॉडेलचं नाव वाचा, अर्गिलच्या यादीत ते आहे का पाहा आणि असेल तर कंपनीचं सॉफ्टवेअर पूर्ण काढून मगच नवं टाका. कॉम्प्युटर जुना असेल तर लिनक्सवर चालवून बघा, तिथे ड्रायव्हरचं भांडण बहुतेक उद्भवतच नाही. यादीत नसेल तर मॉडेल आणि खरेदीचं वर्ष लिहून ग्राहक व्यवहार विभागाकडे तक्रार पाठवा. मी माझी पाठवली आहे.